निकम सरांच्या डिस्कचे चार वाटे

सांगलीत आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "इंजिनिअर कुठं गेलेत?" मी कॅबिनेट उघडून, हातात स्क्रूड्रायव्हर धरून समोरच बसलेली असायची. "मीच," म्हटलं की गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं खरं, पण काम होईपर्यंत माझ्या हातांवरची नजर काढायचं नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वडील वायरमन होते. आमच्या वस्तीतल्या विहाराचा ॲम्प्लिफायर बिघडला की ते मला शेजारी बसवून तो उघडायचे आणि म्हणायचे, "हात लाव, पण आधी वायर काढ." डिप्लोमाला जायच्या आधीच माझं निम्मं शिक्षण त्या ॲम्प्लिफायरवर झालं होतं. पुढं दोन-चार वर्षांनी लोक "वनिताताई हायत का?" असं विचारतच दुकानाची पायरी चढायला लागले आणि तो विषय संपला.

या कामातली दुरुस्ती लोकांना दिसते. पंखा बदलला, मॉनिटर लागला, प्रिंटर हलला. मी लिहिणार आहे ते कोणालाच न दिसणाऱ्या कामाबद्दल, डिस्कचे वाटे पाडण्याबद्दल.

कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क कोरी येते. तिच्यावर काहीही ठेवायच्या आधी तिचे भाग आखावे लागतात. विंडोजवाले एक किंवा दोन भाग करत, सी आणि डी, आणि विसरून जात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे लिनक्स यायला लागलं. कॉम्प्युटर चालवणारी ही दुसरी प्रणाली, फुकट मिळायची, मासिकाबरोबर तिची सीडी यायची. ती बसवायला घेतली की पहिल्यांदा हेच विचारायची: वाटे कसे करायचे? मूळ प्रणाली कुठं, माणसांच्या फायली कुठं, यंत्राची रोजची नोंद कुठं, मेमरी कमी पडली तर टेकायला जागा किती. उत्तर एकदा दिलं की ते बदलायला सगळी डिस्क पुसावी लागे. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत घेतलेला निर्णय गिऱ्हाईक पुढची पाच वर्षं भोगत असे.

शिरवळच्या एका कारखान्यात कोणीतरी सगळी डिस्क एकाच वाट्यात ठेवली होती. एका बिघडलेल्या मोडेमबद्दल यंत्र रात्रंदिवस तक्रार लिहून ठेवत राहिलं, त्या तक्रारींनीच डिस्क काठोकाठ भरली आणि गेटवरचा माल बाहेर काढायची चिठ्ठी छापायलाही जागा उरली नाही. ट्रक रस्त्यावर रांगेत. मी जाऊन तक्रारींची फाइल पुसली, तेव्हा मॅनेजरनी मला काय बिघडलं होतं असं विचारलं. काहीच बिघडलं नव्हतं, हे त्यांना पटवायला मला वेळ लागला. विट्याच्या एका गलाईवाल्याचं वेगळंच. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा त्याचा धंदा दक्षिणेत कुठंतरी होता, आणि त्याला मेव्हण्याला न दिसणारा वाटा हवा होता. वाटा म्हणजे तिजोरी नव्हे, हे सांगितल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वासच उडाला.

निकम सरांचा फोन आला तेव्हा अठ्ठ्याण्णवची दिवाळी होऊन गेली होती. साताऱ्याजवळ अंध मुलींची एक लहान निवासी शाळा होती, तिथं ते शिकवत. ते स्वतः अंध होते. फौजेत सिग्नलमध्ये, संदेश घेणाऱ्या-देणाऱ्या तुकडीत असताना एका अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मग ब्रेल शिकले, गावाकडं परत आले आणि मास्तर झाले. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं की मशीन चांगलं आहे, पण लाइट जाऊन आली की मुकं होतं.

एसटीनं साताऱ्याला गेले. शाळेच्या ऑफिसातच एका कोपऱ्यात मशीन होतं, पुण्याच्या कोणा भल्या माणसानं दिलेलं. त्याला एक छोटी पेटी जोडलेली होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत जे येईल ते ही पेटी बोलून दाखवी. दुसऱ्या बाजूला जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारा छापयंत्रासारखा एक डबा. मशीनवर लिनक्स होतं. विंडोज का नको, असं मी विचारलं. सर म्हणाले, तिथं सगळी चित्रं, आणि चित्रावर बाण नेऊन टेकवायचा. इथं मी लिहितो, ते लिहून उत्तर देतं, पेटी वाचते. चित्राचं काम नाही.

सर दहावीची पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवत होते. बाहेरून येणारी ब्रेल पुस्तकं कमी पडत. एका संचावर सगळ्या मुली पाळीपाळीनं बसत. म्हणून सरांच्या पत्नी, शालनवैनी, छापील पुस्तक मोठ्यानं वाचत आणि सर ते टाइप करत. मराठी ब्रेलमध्ये 'क'चे ठिपके इंग्रजी 'के'चेच असतात, 'म'चे 'एम'चे. त्यामुळे टाइप केलेलं मराठी ती पेटी साहेबी उच्चारात का होईना, अर्धंमुर्धं वाचू शकत असे. इतिहास झाला होता, भूगोल चालू होता.

दुखणं काय होतं ते त्यांनी मला करून दाखवलं. वैनींनी बटण बंद करून पुन्हा चालू केलं. लिनक्समध्ये त्या काळी अचानक वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र सगळा वाटा तपासून पाही, कुठं काही अर्धवट राहिलंय का म्हणून. इथं सगळी डिस्क एकच वाटा, त्यामुळे तपासणी लांबे. आणि पेटीला बोलकं करणारा प्रोग्रॅम सगळं आटोपल्यावर, सगळ्यांत शेवटी सुरू होई. तोवर सर कॅबिनेटवर तळहात टेकवून बसून राहत. डिस्क खरखरतेय म्हणजे तपासणी चालू आहे. खरखर थांबली म्हणजे काम झालं, किंवा यंत्र काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत थांबलं. यातलं कुठलं, ते त्यांना कळत नसे. मग वैनी पडद्यावरचं इंग्रजी एकेक अक्षर करून वाचत, सर ते मनात जोडत. शाळेच्या भागात वीज रोज जाई. दुपार अशीच निघून जाई.

मी पिशवीतून कागद काढला आणि पुस्तकात शिकवतात तशी आखणी वाचून दाखवली. मूळ प्रणालीचा वाटा, सुरू होण्यापुरता वेगळा वाटा, प्रोग्रॅमांचा वेगळा, नोंदींचा वेगळा, तात्पुरत्या फायलींचा वेगळा, माणसांच्या फायलींचा वेगळा, मेमरीला टेकायचा वेगळा. हे सांगताना मला जरा ऐट आली होती, हे खरं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, इतक्या खोल्यांचं घर मला हाताला लागायचं नाही. प्रत्येक वाटा कशासाठी हाय ते मला सांगता आलं पाहिजे. नसेल सांगता येत तर तो नको.

मग आम्ही एकेक वाटा घेऊन बोलत बसलो. वैनी मधे चहा ठेवून गेल्या. नोंदी वेगळ्या का, तर शिरवळची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली. तात्पुरत्या फायली वेगळ्या का, याचं मला त्यांच्या घराला लागू पडेल असं उत्तर देता आलं नाही. तो वाटा गेला. सुरू होण्याचा वेगळा वाटा कशाला, तर जुन्या मशीनला डिस्कच्या पहिल्या टप्प्यापलीकडचं सुरुवातीला वाचता येत नसे म्हणून. पण मूळ वाटाच लहान करून अगदी पुढं ठेवला तर तो वेगळा करायची गरजच नव्हती. तोही गेला.

कागदावर काटछाट चालू असताना सरांनी बोलणाऱ्या पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "ताई, एक इचारतो. हा बोलणारा गडी सगळ्यांत शेवटी का उठतो? घरात काय बिघडलंय ते सांगणारा त्योच की."

मी पेन खाली ठेवलं. बोलका प्रोग्रॅम शेवटी सुरू होतो, कारण ज्यांनी ही सगळी घडण केली त्यांना पडदा दिसत होता. यापलीकडं दुसरं कारण नव्हतं. बोलकं करणारं सगळं सामान त्या लहान मूळ वाट्यातच एकत्र ठेवलं, त्यात रोज काहीच लिहिलं जाणार नाही अशी तजवीज केली, तर तो वाटा लवकर तपासून होईल आणि सहसा बिघडणारही नाही. तो झाला की लगेच पेटी बोलती करायची. बाकीचे वाटे त्यानंतर तपासायचे, म्हणजे त्यांच्या तक्रारी पेटीतून ऐकू येतील. आणि पुस्तकांचा मोठा वाटा तर आपोआप जोडायचाच नाही. सर जागेवर बसले, ऐकायला तयार झाले, की त्यांनी स्वतः हुकूम देऊन तो जोडायचा. प्रोग्रॅमांचा वाटा वेगळा ठेवायचा असं शिकलेली मी, तो मूळ वाट्यात घालायला तयार झाले. तिथं पुस्तकाचं ऐकण्यात अर्थ नव्हता.

चार वाटे ठरले. पहिला बोलणारा, दुसरा मेमरीला टेकायचा, तिसरा नोंदींचा, चौथा पुस्तकांचा. सरांनी ते दोनदा म्हणून घेतले आणि मागून पुढंही म्हणून दाखवले. त्यांची एक मागणी राहिली होती. बोलणाऱ्याची तपासणी नीट झाली की पेटीच्याही आधी मशीननं एकदा 'टुक' वाजवावं. पेटीच बिघडली तरी निदान मशीन जिवंत आहे हे कळेल. फौजेत असताना ते तसंच ऐकायचे म्हणाले. मजकूर मागून येई, आधी लाइन जिवंत असल्याची खूण.

जुना वाटा पुसायच्या आधी त्यातली पुस्तकं मी दुकानातून आणलेल्या मोकळ्या डिस्कवर उतरवून घेतली. सरांनी प्रत्येक धड्याच्या पहिल्या ओळी पेटीकडून वाचून घेतल्या, तेव्हाच पुढं जा म्हणाले. वाटे पाडायचा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चालवावा लागला, आणि त्या वेळी पेटी बोलत नव्हती. मी पडद्यावरची ओळ न ओळ वाचत होते, कळा सर दाबत होते. या प्रोग्रॅमची एक चांगली सवय आहे. तुम्ही कितीही पुसा, कितीही नवीन आखा, 'डब्ल्यू'ची कळ दाबेपर्यंत डिस्कवर काहीही उतरत नाही. तोवर माघार घेता येते. मी तसं सांगितलं. सरांनी सगळी आखणी पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेतली, वैनींना जवळ बोलावलं आणि मग कळ दाबली.

संध्याकाळी पुस्तकं परत जागेवर गेली. मी मुद्दामच बोर्डावरचं बटण बंद करून चालू केलं. डिस्क थोडीशी खरखरली, 'टुक' झालं, आणि पेटी बोलायला लागली. सर खुर्चीत मागं रेलले. वैनी म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझं ए बी सी डी सुटलं."

दुकानातली ती डिस्क दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी होती, ती मला परत न्यावी लागली. पुस्तकांच्या प्रती फ्लॉप्यांवर घेत जा असं सांगून मी सांगलीला आले.

परीक्षेला थोडेच आठवडे राहिले असताना दुपारी दुकानात फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत.

"ताई, रिपोर्ट देतो. लाइट गेली, आली, परत गेली, मोठी होऊन आली. मशीन उठलं, टुक वाजलं, बोलाय पण लागलं. पुस्तकांचा वाटा जोडाय गेलो तर न्हाई म्हणतंय. हातानं तपासा म्हणतंय."

फ्लॉप्यांचं विचारलं. निम्म्या उघडत नव्हत्या. त्या काळच्या फ्लॉप्यांचा भरवसा तेवढाच. इतिहास कसाबसा सापडला असता, भूगोल नाही. मुलींना वाचायला कागद अजून निघाले नव्हते, छपाई त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती.

मी म्हटलं, हात लावू नका, मी उद्या पहिल्या गाडीनं निघते. ते म्हणाले, "तुमी याल तवा या. पर ते आत्ता मला इचारतंय. ऐकू येतंय, तर उत्तर मीच द्यावं म्हणतो."

फोन आणि मशीन एकाच खोलीत होती. वैनींनी रिसीव्हर पेटीजवळ धरला. तपासणीचा हुकूम मी सांगितला, सरांनी टाइप केला, आणि त्या पेटीचा सपाट आवाज साताऱ्याहून माझ्या कानात यायला लागला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. तपासणी जिथं अडते तिथं प्रश्न विचारते. बहुतेक प्रश्न एकाच जातीचे असतात: हा तुकडा सापडला, पण कुठल्या फायलीचा ते कळत नाही, सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत ठेवू का? त्याला हो म्हणायचं. दुसरा प्रश्न अवघड असतो: हा तुकडा मोडलेला आहे, पुसू का? मी सरांना सांगितलं, ठेवू का म्हटलं की हो, पुसू का म्हटलं की थांबा.

बराच वेळ हो, हो, हो असं चाललं. मग पेटीनं तो दुसरा प्रश्न विचारला. कळा थांबल्या.

"पुसलं तर काय जाईल?" सरांनी विचारलं.

मला सांगता येत नव्हतं. यंत्र नुसता एक आकडा सांगत होतं. तो एखादा धडा असेल, किंवा काहीच नसेल.

"आन् न्हाई पुसलं तर?"

तर वाटा आजारीच राहील, जोडला तरी पुढं आणखी बिघडत जाईल. एवढंच मी सांगितलं. मी समोर असते तर बहुतेक कळ मीच दाबली असती, आणि चुकलं असतं तर ते माझ्याकडं आलं असतं. इथं कळ त्यांच्या हाताखाली होती आणि पुस्तकंही त्यांचीच.

"पुसू," सर म्हणाले. "एका बोटापायी हात घालवायचा न्हाई."

कळेचा आवाज मला ऐकू आला. तपासणी पुढं सरकली, आणखी काही वेळ हो-हो झालं, आणि संपली. सरांनी वाटा जोडायचा हुकूम दिला. जोडला गेला. वैनी काहीतरी बोलल्या, ते मला कळलं नाही.

काही धडे आपापल्या जागी होते. काही सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत जाऊन पडले होते, नाव जाऊन नुसता आकडा उरलेला. मग सर एकेक आकडा उघडायला लागले आणि पेटी पहिली ओळ वाचायला लागली. त्या परदेशी उच्चारातलं मराठी फोनवरून मला अजिबात समजत नव्हतं. पण ओळ अर्धी होते न होते तोच मागून वैनींचा आवाज येई, पुढचं वाक्य त्या तोंडपाठ म्हणत. "हा मान्सूनचा. हा लोकसंख्येचा." त्यांनीच तर सगळं पुस्तक मोठ्यानं वाचलं होतं, तेही एकदा नाही. सर त्या त्या आकड्याला धड्याचं नाव देत गेले. रिसीव्हर धरून वैनींचा हात दुखला असणार, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

शेवटचा धडा मधेच तुटला होता. पुसलेला तुकडा तोच होता. सर म्हणाले, हरकत नाही, उरलेला परत लिहू. फोन ठेवताना त्यांनी माझे आभार मानले नाहीत, म्हणाले, "लाइन लय येळ अडकवली तुमची."

पंधरवड्यानं मी साताऱ्याला गेले. ते मोठं होऊन आलेलं व्होल्टेज पुन्हा मशीनपर्यंत पोचू नये म्हणून एक साधन बसवायचं होतं. सरांच्या त्या चार वाट्यांत पुढं कित्येक वर्षं काही बदल करावा लागला नाही. मशीन म्हातारं झालं, आखणी तशीच राहिली. मी ती नंतर दुसऱ्या कोणासाठी केली नाही, कारण तसं विचारणारं दुसरं कोणी आलं नाही. आणि सरांनी शोधलेली ही युक्ती कुठंतरी लिहून पाठवायला हवी होती, अशी चुटपुट मात्र राहिली. देशात इतर ठिकाणीही कोणीतरी तसंच कॅबिनेटवर हात ठेवून बसलं असेल.

त्या दिवशी मी गेले तेव्हा छपाई झाली होती. व्हरांड्यात दहावीच्या मुली भिंतीला टेकून, मांडीवर जाड कागद घेऊन वाचत होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर आपापलं पुस्तक. पाटणकडची रेश्मा नावाची मुलगी अगदी दाराजवळ होती. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, तर म्हणाली, "मशीनवाल्या ताई व्हय?" आणि बसायला जागा करून दिली.

मी तिच्या शेजारी बसले. कुठला धडा म्हणून विचारलं. शेवटचा, म्हणाली. मी त्या कागदाकडं पाहिलं. पांढऱ्यावर पांढरे ठिपके, वरपासून खालपर्यंत सारखेच. एवढे दिवस या पुस्तकांसाठी धावपळ केली, पण त्यातलं पान मी कधी हातात घेतलं नव्हतं. तसं तिला सांगितलं. तिनं माझं बोट धरलं आणि ओळीवर ठेवलं. मला खडबडीत कागदापलीकडं काही कळलं नाही.

"असं दाबू नका," ती म्हणाली. "नुसतं सरकवा." आणि माझं बोट हलकेच ओळीवरून नेत नेत एका जागी थांबवलं.

"हितपत्तर जुनं हाय," रेश्मा म्हणाली. "हितनं पुढं सरांनी परत लिवलंय."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

"कुणी न्हाई. हितनं घाई लागतीया हाताला. चुका बी जास्ती हायत." ती हसली. "पर समजतंय समदं."

तिनं पुन्हा स्वतःची बोटं ओळीवर ठेवली आणि वाचायला लागली. मी माझं बोट त्या जागेवरून मागंपुढं सरकवून पाहिलं. मला दोन्हीकडं सारखंच लागत होतं.